हार्ड डिस्कचे विखंडन आणि त्याची तपासणी

हार्ड डिस्कचे विखंडन म्हणजे संगणकातील एकाच फाइलचे भाग डिस्कवर सलग न राहता वेगवेगळ्या ठिकाणी विखुरले जाण्याची अवस्था होय. हे विखुरलेले भाग पुन्हा एकत्र आणून सलग मांडण्याच्या क्रियेस डीफ्रॅगमेंटेशन म्हणतात. मराठीत तिला तुकडेजोड असे म्हणता येईल. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर विखंडन वाढल्यास फाइल उघडण्यास विलंब लागतो. मात्र संगणक मंदावण्याचे ते एकमेव कारण नसते, आणि आज तर ते बहुधा प्रमुख कारणही नसते. त्यामुळे तुकडेजोड करण्यापूर्वी तिची खरोखर गरज आहे किंवा नाही हे तपासणे आवश्यक ठरते. ही तपासणी विनामूल्य असून तिच्यासाठी लागणारी साधने संचालन प्रणालीतच दिलेली असतात. बिघडत चाललेल्या डिस्कवर तपासणीविना तुकडेजोड केल्यास डिस्कवरील माहिती कायमची गमावण्याचा धोका संभवतो.

विखंडन कसे घडते

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या एक किंवा अधिक तबकड्या अतिशय वेगाने फिरत असतात. त्यांच्या पृष्ठभागापासून अत्यल्प अंतरावर एक वाचन-लेखन शीर्ष आत-बाहेर सरकते. डिस्कवरील जागा लहान लहान समान भागांत वाटलेली असते. या भागांना क्लस्टर असे नाव आहे. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल व्यवस्थेत एक क्लस्टर सामान्यतः ४ किलोबाइटचा असतो. म्हणजे ४ मेगाबाइटचे एक छायाचित्र साठवण्यास १,०२४ क्लस्टर लागतात.

डिस्क नवी असताना हे सर्व क्लस्टर एकापुढे एक असे सलग मिळतात. पुढे काही फाइली पुसल्या जातात, काही नव्या येतात, तर काहींचा आकार वाढत जातो. पुसलेल्या फाइलींच्या जागी मोकळे कप्पे निर्माण होतात. नवी फाइल एका कप्प्यात मावली नाही, तर तिचा उरलेला भाग दुसऱ्या, तिसऱ्या कप्प्यात लिहिला जातो. कोणता भाग कोठे आहे याची नोंद फाइल व्यवस्था ठेवते, त्यामुळे फाइल हरवत नाही. ती वाचताना मात्र शीर्षाला अनेक ठिकाणी जावे लागते. डिस्क जितकी भरलेली, तितके मोठे सलग कप्पे दुर्मीळ होतात व विखंडनाचा वेग वाढतो.

विलंबाचा हिशेब

विखंडनामुळे नेमका किती वेळ वाया जातो हे साध्या गणिताने समजते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा पूर्ण करण्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला भाग शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्ध्या फेऱ्याची, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंदांची वाट पाहावी लागते. शीर्ष योग्य वर्तुळावर सरकण्यास सुमारे ९ मिलिसेकंद धरल्यास प्रत्येक उडीमागे साधारण १३ मिलिसेकंद खर्ची पडतात.

डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट वाचते असे मानू. सलग साठवलेले ४ मेगाबाइटचे छायाचित्र एका उडीत व ४० मिलिसेकंदांच्या वाचनात, म्हणजे सुमारे ५३ मिलिसेकंदांत उघडेल. तेच छायाचित्र ४० तुकड्यांत असल्यास उड्यांवरच ५२० मिलिसेकंद जातील आणि एकूण वेळ ५६० मिलिसेकंद होईल. अशी २०० छायाचित्रे ओळीने पाहायची असल्यास ११ सेकंदांचे काम जवळपास दोन मिनिटांवर जाते.

याउलट १ गिगाबाइटची चित्रफीत ४० तुकड्यांत असली, तरी दहा सेकंदांच्या वाचनात केवळ अर्ध्या सेकंदाची भर पडते. यावरून असे दिसते की केवळ तुकड्यांची संख्या महत्त्वाची नसून फाइलच्या आकाराशी असलेले त्यांचे प्रमाण महत्त्वाचे असते. याच कारणास्तव विंडोज व्हिस्टापासून ६४ मेगाबाइटहून मोठे तुकडे विखंडनाच्या गणनेत धरले जात नाहीत. ६४ मेगाबाइट वाचण्यास ६४० मिलिसेकंद लागत असतील, तर त्यासाठीची एक उडी त्या वेळेच्या सुमारे दोन टक्केच भरते.

शेतजमिनीच्या तुकड्यांशी साम्य

ही संकल्पना रायगड जिल्ह्यातील वाचकास शेतजमिनीच्या उदाहरणावरून सहज उमगते. पेण आणि रोहा तालुक्यांत भातशेती पूर्वापार चालत आली आहे. वाटण्या होत गेल्यावर एकाच खातेदाराची जमीन निरनिराळ्या गटांत विखुरते. क्षेत्र तेवढेच राहते, परंतु एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर जाण्यात, बैल व अवजारे नेण्यात आणि बांध सांभाळण्यात श्रम वाया जातात. ही अडचण दूर करण्याच्या हेतूने तत्कालीन मुंबई प्रांतात १९४७ साली जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा व त्यांच्या एकत्रीकरणाची तरतूद असणारा कायदा झाला. तो तुकडेबंदी व तुकडेजोड कायदा या नावाने परिचित आहे.

हार्ड डिस्कच्या बाबतीत फाइल ही खातेदाराच्या जागी, क्लस्टर हा जमिनीच्या तुकड्याच्या जागी आणि फाइल व्यवस्थेतील नोंद ही सातबाऱ्याच्या जागी मानता येते. जमिनीचे एकत्रीकरण करण्यापूर्वी नोंदी व मोजणी पाहावी लागते. त्याचप्रमाणे डिस्कची तुकडेजोड करण्यापूर्वी तिचे विश्लेषण करावे लागते. हे साम्य एका मर्यादेपर्यंतच लागू पडते. जमीन जागची हलत नाही, केवळ हक्क बदलतात. डिस्कवर मात्र प्रत्येक तुकडा खरोखर उचलून दुसरीकडे लिहावा लागतो. हे लेखन डिस्कवर ताण आणणारे असते, म्हणून ती सुस्थितीत असणे आवश्यक ठरते.

पूर्वेतिहास

आयबीएम कंपनीने १९५६ साली ३०५ रॅमॅक या संगणकासोबत पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि तीत सुमारे ५० लाख अक्षरे मावत. वैयक्तिक संगणकांच्या प्रसारानंतर विखंडनाचा प्रश्न सामान्य वापरकर्त्यापर्यंत पोहोचला. १९९३ साली आलेल्या एमएस-डॉस ६.० मध्ये डीफ्रॅग ही आज्ञा समाविष्ट करण्यात आली. विंडोज ९५ व ९८ मध्ये रंगीत चौकोन सरकताना दाखवणारे साधन होते. विंडोज एक्सपीमधील साधनात विश्लेषणाचे स्वतंत्र बटण असून, डिस्कला तुकडेजोडीची गरज आहे किंवा नाही असा स्पष्ट अभिप्राय विश्लेषणानंतर मिळत असे.

महाराष्ट्रात २००१ साली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि लहान गावांतही संगणक शिक्षण पोहोचू लागले. त्या सुमारास संगणक वापरू लागलेल्या पिढीला महिन्यातून एकदा डीफ्रॅग करण्याची सवय लागली, व त्या काळातील डिस्कसाठी ती उपयुक्त होती. विंडोज व्हिस्टापासून हे काम ठरावीक काळाने आपोआप होऊ लागले. २००९ साली आलेल्या विंडोज ७ मध्ये एसएसडी ओळखून तिच्यासाठी हे वेळापत्रक बंद ठेवण्याची सोय झाली. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये या साधनाचे नाव ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज असे झाले. साधने बदलली, तरी जुनी सवय अनेक ठिकाणी टिकून आहे.

तपासणीचे टप्पे

तुकडेजोडीची गरज ठरवताना पुढील क्रम पाळणे हिताचे असते. विश्लेषण हा यातील चौथा टप्पा आहे. पहिल्या तीन टप्प्यांपैकी एकही वगळू नये.

पहिला टप्पा : डिस्कचा प्रकार ओळखणे. संगणकात फिरती हार्ड डिस्क आहे की एसएसडी, हे प्रथम पाहावे. विंडोजमधील शोधपट्टीत डीफ्रॅग हा शब्द रोमन लिपीत टंकित केल्यास ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज ही खिडकी उघडते. तेथे मीडिया टाइप या रकान्यात प्रत्येक डिस्कचा प्रकार दिलेला असतो. हार्ड डिस्क ड्राइव्ह असे लिहिले असल्यास पुढे जावे. सॉलिड स्टेट ड्राइव्ह असे असल्यास पारंपरिक तुकडेजोडीचा प्रश्न तेथेच संपतो.

दुसरा टप्पा : डिस्कचे आरोग्य पाहणे. डिस्कमधून टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येणे, फाइल उघडताना संगणक वारंवार गोठणे, फाइल वाचता येत नसल्याचे संदेश येणे ही बिघाडाची चिन्हे होत. बहुतेक डिस्कमध्ये स्मार्ट नावाची स्वयंतपासणीची सोय असते. तिच्या नोंदी वाचणारी मोफत साधने उपलब्ध आहेत. या नोंदींत निकामी होऊन बदललेल्या सेक्टरांची संख्या वाढत असल्याचे दिसले, तर डिस्क बदलण्याची वेळ आली असे समजावे. अशा डिस्कवर तुकडेजोड मुळीच करू नये, कारण हजारो फाइली उचलून पुन्हा लिहिण्याचा ताण तिला सोसवत नाही. तिच्यावरील महत्त्वाची माहिती ताबडतोब दुसरीकडे उतरवून घ्यावी.

तिसरा टप्पा : सुरक्षित प्रत व मोकळी जागा. डिस्क निरोगी वाटली, तरी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी. त्यानंतर अनावश्यक फाइली काढून टाकाव्यात. विंडोज एक्सपीच्या काळापासून किमान १५ टक्के जागा मोकळी असावी असा दंडक सांगितला जातो. तुकडे हलवताना ते तात्पुरते ठेवण्यास जागा लागते. ती नसल्यास काम अपुरे राहते किंवा फार वेळ घेते. पुष्कळदा केवळ जागा मोकळी केल्यानेच संगणकाचा वेग सुधारतो.

चौथा टप्पा : विश्लेषण. ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज या खिडकीत हवी ती डिस्क निवडून अ‍ॅनालाइझ हे बटण दाबावे. या क्रियेत कोणतीही फाइल हलवली जात नाही, केवळ मोजणी होते. काही मिनिटांत करंट स्टेटस या रकान्यात विखंडनाचे टक्के दिसतात. हीच तपासणी आज्ञा-खिडकीतूनही करता येते. त्यासाठी ती खिडकी प्रशासकाच्या अधिकाराने उघडून डीफ्रॅग ही आज्ञा, ड्राइव्हचे अक्षर, अपूर्णविराम आणि शेवटी तिरकी रेघ व ए हे अक्षर, असे सर्व रोमन लिपीत द्यावे लागते.

पाचवा टप्पा : निर्णय. सर्वसाधारणपणे विखंडन १० टक्क्यांहून कमी असल्यास तुकडेजोडीची गरज नसते. ते त्याहून अधिक असून डिस्क फिरत्या तबकडीची व निरोगी असल्यास तुकडेजोड करावी. टक्के कमी असूनही संगणक मंद असल्यास कारण अन्यत्र शोधावे. अपुरी स्मृती, संगणक सुरू होताच आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम, विषाणू किंवा पार्श्वभूमीला चाललेली अद्ययावतता ही नेहमी आढळणारी कारणे आहेत. टास्क मॅनेजर या साधनात डिस्क सतत शंभर टक्के व्यग्र दिसत असल्यास कोणता प्रोग्रॅम तिचा वापर करत आहे हेही तेथेच समजते.

पेण व रोहा परिसरातील वापर

विखंडन किती होईल हे संगणकाच्या वयापेक्षा त्यावर चालणाऱ्या कामाच्या स्वरूपावर अवलंबून असते. पेण शहर आणि लगतची हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहेत. येथील व्यवसायात मूर्तींची छायाचित्रे, रंगसंगतीचे नमुने आणि मागणीच्या नोंदी यांचा मोठा साठा संगणकावर जमू शकतो. हंगाम सरल्यावर जुनी छायाचित्रे पुसणे आणि पुढील वर्षी नवी भरणे असा क्रम राहिल्यास, भरत आलेल्या डिस्कवर नवी छायाचित्रे जुन्या कप्प्यांत विखरून लिहिली जातात. अशा संगणकावर भाद्रपदापूर्वीची घाई सुरू होण्याआधीच विश्लेषण करून घेणे सोयीचे असते. डिस्क नादुरुस्त आढळली, तर प्रत घेण्यास अवधी मिळतो. ऐन हंगामात डिस्क बंद पडल्यास कोणत्या ग्राहकाने कोणती मूर्ती ठरवली होती, याची नोंदच नाहीशी होते.

रोह्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी दाखल्यांची कामे करणाऱ्या सेवा केंद्रांतील संगणकांचे काम निराळ्या प्रकारचे असते. दहावी-बारावीच्या निकालांनंतर उत्पन्नाचे, जातीचे व अधिवासाचे दाखले काढण्यासाठी विद्यार्थ्यांची गर्दी होते. प्रत्येक अर्जासोबत कागदपत्रे स्कॅन केली जातात, लहान आकारात पुन्हा साठवली जातात आणि काम झाल्यावर पुसली जातात. अनेक लहान फाइलींची ही सततची ये-जा विखंडनास अनुकूल असते. येथे आठवड्यातून एकदा चालणारे विंडोजचे स्वयंचलित वेळापत्रक बहुधा पुरेसे ठरते, मात्र संगणक नियोजित वेळी चालू असावा लागतो. काम संपताच मुख्य बटणावरून वीज बंद करण्याची पद्धत असल्यास हे वेळापत्रक अमलातच येत नाही. अशा ठिकाणी लास्ट रन अथवा लास्ट अ‍ॅनालाइझ्ड या रकान्यातील तारीख पाहावी. ती कित्येक महिन्यांपूर्वीची असल्यास हाताने विश्लेषण करावे.

वीजपुरवठा हाही विचारात घेण्याजोगा मुद्दा आहे. कोकणात पावसाळ्यात वीज खंडित होण्याचे प्रसंग येतात. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर जिल्ह्यातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. एनटीएफएस ही फाइल व्यवस्था प्रत्येक बदलाची आगाऊ नोंद ठेवत असल्याने तुकडेजोड चालू असताना वीज गेली, तरी फाइली नष्ट होण्याची शक्यता कमी असते. परंतु ती शून्य नसते. अचानक वीज जाणे डिस्कच्या यंत्रणेलाही अपायकारक असते. म्हणून तुकडेजोड यूपीएस जोडलेला असतानाच करावी. लॅपटॉपवर ती करताना बॅटरी भरलेली व चार्जर जोडलेला असावा. वादळवाऱ्याच्या दिवशी हे काम पुढे ढकलावे.

एसएसडी आणि पेन ड्राइव्ह

एसएसडीमध्ये फिरणारी तबकडी वा सरकणारे शीर्ष नसते. माहिती फ्लॅश स्मृतीत साठवली जाते आणि कोणत्याही भागापर्यंत पोहोचण्यास जवळपास सारखाच, अत्यल्प वेळ लागतो. त्यामुळे तुकडे विखुरलेले असले, तरी वाचनात जाणवेल असा विलंब होत नाही. शिवाय फ्लॅश स्मृतीतील पेशी ठरावीक वेळाच पुसता व लिहिता येतात. वारंवार तुकडेजोड केल्यास लाभ न होता हे आयुष्य मात्र खर्ची पडते. एसएसडीसाठी विंडोज मुख्यत्वे ट्रिम ही निराळी क्रिया करते. पुसलेल्या फाइलींची जागा आता वापरात नाही, एवढी सूचना तिच्याद्वारे डिस्कला दिली जाते. म्हणून विंडोजचे स्वयंचलित वेळापत्रक एसएसडीसाठीही चालू ठेवावे, पण तुकडेजोड करणारी बाहेरची साधने तिच्यावर वापरू नयेत. पेन ड्राइव्ह व मेमरी कार्ड यांतही फ्लॅश स्मृतीच असल्याने त्यांनाही तुकडेजोडीची गरज नसते.

अन्य संचालन प्रणाली

लिनक्समध्ये प्रचलित असलेली ईएक्सटी४ ही फाइल व्यवस्था फाइल लिहितानाच सलग जागा राखून ठेवण्याचा प्रयत्न करते, त्यामुळे तेथे विखंडन तुलनेने कमी होते. तपासणीसाठी ई४डीफ्रॅग ही आज्ञा असून, तिला तपासणीचा पर्याय दिल्यास ती विखंडनाचा गुणांक दाखवते. हा गुणांक ३० पर्यंत असल्यास अडचण नाही, ३१ ते ५५ असल्यास किंचित विखंडन आणि ५६ वा अधिक असल्यास तुकडेजोडीची गरज, असा अर्थ ती आज्ञाच सांगते. अ‍ॅपलच्या मॅक संगणकांत २००३ पासून, त्या वेळच्या एचएफएस प्लस या फाइल व्यवस्थेत, २० मेगाबाइटहून लहान असलेली विखंडित फाइल उघडली जात असतानाच सलग करण्याची सोय होती.

प्रचलित गैरसमज

तुकडेजोड केल्याने डिस्कवरील जागा वाढते, असा एक समज आढळतो. प्रत्यक्षात तुकडे केवळ सलग मांडले जातात. मोकळ्या जागेचे एकूण माप तेवढेच राहते. तुकडेजोडीने पुसलेल्या फाइली परत मिळतात, असेही काहींना वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पुसलेल्या फाइलींच्या जागी दुसरे तुकडे लिहिले गेल्याने त्या परत मिळण्याची उरलीसुरली शक्यताही मावळते. म्हणून एखादी फाइल चुकून पुसली गेली असल्यास ती परत मिळवण्याचे प्रयत्न पूर्ण होईपर्यंत तुकडेजोड करू नये.

विखंडन हे डिस्क बिघडल्याचे लक्षण आहे, हाही गैरसमज होय. निरोगी डिस्कवरही नित्याच्या वापराने विखंडन होतेच. त्याचप्रमाणे विखंडन दूर केल्याने बिघडलेली डिस्क सुधारत नाही. दोन्ही अवस्थांमध्ये संगणक मंदावतो, परंतु एकीत केवळ वेळ जातो आणि दुसरीत माहितीच जाण्याची भीती असते. या दोन अवस्था वेगळ्या ओळखणे हेच तपासणीचे मुख्य प्रयोजन होय.